एका पानात बसवलेला कागद

आमच्या आईला कुत्रं चावलं तेव्हा मी सहावीत होते. सांगोल्याच्या पुढं माळावर आमची वस्ती. चार घरं, चारही धनगरांची. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर मेंढरं. उन्हाळा लागला की आण्णा आणि चुलते कळप घेऊन माढ्याकडं, उसाच्या पट्ट्यात उतरायचे. मागं आई, मी आणि धाकटी बहीण. टँकर येईल त्या दिवशी पाणी, येणार नाही त्या दिवशी वाट बघणं.

त्या टँकरपाशीच कुत्र्यानं आईच्या पोटरीचा लचका तोडला. शेजारच्या काकांनी मोटरसायकलवरून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं इंजेक्शन दिलं आणि टाचणी लावलेले दोन कागद दिले. आण्णा निरोप मिळून चौथ्या दिवशी आले. तोवर टाचणी सुटली होती. आण्णांना वाचता येत नव्हतं, पण कागदाची पारख आपल्याला आहे असं त्यांना वाटायचं. पहिल्या कागदावर दवाखान्याचा निळा शिक्का होता. तो त्यांनी पिशवीत गुंडाळून पेटीत ठेवला. दुसऱ्यावर शिक्का नव्हता. त्यात त्यांनी तंबाखू बांधली.

पहिल्या कागदावर दोन इंजेक्शनांच्या तारखा होत्या. बाकीच्या दुसऱ्यावर.

वीसेक दिवसांनी वस्तीवर फिरतीची नर्सबाई आली. तिनं जखम बघितली.

"किती झाली इंजेक्शनं?"

"दोन," आई म्हणाली.

"आणि उरलेली?"

"कागदावर दोनच हायत की."

नर्सबाईनं पेटीतला कागद बघितला, कोपऱ्यात टाचणीची भोकं बघितली आणि आण्णांवर अशी ओरडली की मेंढरं बुजली. त्याच दिवशी आईला घेऊन गेली. पुढची इंजेक्शनं झाली. पण त्याआधीच शेजारणीनं आम्हा पोरींना सांगून ठेवलं होतं की, कुत्रं बाधलं की माणूस पाण्याला भितंय. त्यानंतर किती महिने कोण जाणे, आईनं तांब्या तोंडाला लावला की मी आणि बहीण हातातलं काम टाकून तिच्याकडं बघत राहायचो. एकदा तिच्या लक्षात आलं.

"काय बघताव गं? पिती की मी." आणि तिनं आख्खा तांब्या घटाघटा रिकामा करून आमच्यासमोर उपडा धरला.

आईला काही झालं नाही. पण मला तेव्हाच वाचता येत होतं, आणि तो दुसरा कागद मी मागितला नव्हता, हे माझ्या मनातून गेलं नाही.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. सोलापुरात राहून, वसतिगृहाच्या पातळ आमटीवर तीन वर्षं काढून मी कॉम्प्युटरची पदवी घेतली. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखं आहे. आण्णा पदवीदानाला आले होते, डोक्याला नवा पटका बांधून. बाहेर पडल्यावर त्यांनी प्रमाणपत्र उन्हात धरलं आणि पहिल्यांदा काय बघितलं असेल, तर शिक्का.

नोकरीही सोलापुरातच मिळाली. अक्कलकोट रोडला चादरींच्या दुकानावर दोन खोल्या, आम्ही चार माणसं आणि आमचे सर. सर पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायचे. आमचं काम दवाखाने, शाळा, पतसंस्था यांना लागणारी सॉफ्टवेअर करायचं. मी लागून वर्ष झालं असेल, तेव्हा शहरातल्या एका छोट्या खाजगी दवाखान्याचं काम आलं. पेशंट घरी जाताना जो कागद देतात, तो डॉक्टरांना मराठीत आणि छापील हवा होता. तोवर तो इंग्रजीत, हातानं लिहिलेला असायचा.

"घरी गेल्यावर शेजारच्या पोरीनं वाचून दाखवला तरी कळला पाहिजे," डॉक्टर म्हणाले.

ते काम सरांनी कुणालाही दिलं असतं तरी मी मागून घेतलं असतं.

कोड लिहून पीडीएफ तयार करणं म्हणजे काय, हे थोडं सांगते. आपण वहीत लिहितो तेव्हा ओळ संपली की हात आपोआप खालच्या ओळीवर जातो. पीडीएफला हात नसतो. त्याला सगळं सांगावं लागतं. डावीकडून इतकं सोड, खालून इतक्या उंचीवर ये, इथं हे शब्द ठेव. होय, खालून. त्याचं मोजमाप पानाच्या तळापासून वर जातं, हे अंगवळणी पडायला मला आठवडा लागला. ओळ कुठं तोडायची, पुढची ओळ किती खाली घ्यायची, हेही आपणच मोजायचं. त्यात मराठी. वर वेलांट्या, मात्रे, रफार, खाली उकार. इंग्रजीला पुरेल एवढं अंतर ठेवलं, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्र्यात अडकतो. जोडाक्षर कागदावर एक दिसतं, आत ते तीन तुकड्यांत असतं. प्रत्येक तुकडा वेगळा मोजला तर ओळीची लांबी चुकते. हे सगळं मी एकटीनं शिकले. विचारायला कुणी नव्हतं.

मजकूर लिहून द्यायच्या दवाखान्यातल्या सिस्टर. वीस-बावीस वर्षं त्या तिथंच. माहेर अक्कलकोटच्या बाजूचं, त्यामुळं कानडी आणि मराठी दोन्ही तोंडात. औषधं डॉक्टर सांगायचे, पण ती कशी घ्यायची हे सिस्टर आपल्या भाषेत लिहायच्या. ते लांबलचक असायचं. मी एकदा म्हणाले, "सिस्टर, थोडक्यात लिहा ना."

"थोडक्यात लिवलं की थोडंच कळतंय. आणि ध्यानात ठेव, खरं महत्त्वाचं असतंय ते मी शेवटी लिहिते. वाचून दाखवणारा थांबला की शेवटचंच बोलणं डोक्यात राहतंय. दारातनं निघालेल्या माणसाला आपण काय सांगतो? गॅस बंद केला का बघ, तेच की."

मला पटलं. माझ्याही डोक्यात एक गोष्ट पक्की होती. कागद एकाच पानाचा पाहिजे.

सर म्हणाले, "दोन पानं झाली तर होऊ दे की. काय बिघडतंय?"

"दुसरं पान घरी पोचत नाही, सर," मी म्हणाले आणि आईच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. सरांनी पुन्हा दोन पानांचं नाव काढलं नाही. बाकीच्यांनीही. त्या दिवशी मला वाटलं, हे शहरातल्या पोरांना कधी सुचलं नसतं. हे आपल्यालाच माहीत.

तर मी एक पान ठरवलं आणि त्यात सगळं बसवलं. वर पेशंटची माहिती, मध्ये औषधांचा तक्ता, खाली पुन्हा कधी यायचं ते. तक्त्यात प्रत्येक औषधाला एक चौकट. चौकटीची उंची मी दोन ओळींची ठरवून टाकली, म्हणजे दहा औषधं असली तरी पान पुरेल. अक्षर लहान केलं तर चाललं असतं, पण चष्मा नसलेल्या माणसाला दिसलं पाहिजे, म्हणून अक्षर मोठंच ठेवलं. चाचणी घेताना एका औषधाचा मजकूर तीन ओळींचा निघाला आणि तिसरी ओळ खालच्या औषधावर जाऊन बसली. अक्षरावर अक्षर, नुसता चिखल. तेव्हा मी कोडमध्ये एक छोटी सूचना घातली, चौकटीबाहेर जाईल ते काढू नकोस. चिखल गेला. पान स्वच्छ झालं. मनात होतं, हे आत्तापुरतं, नंतर नीट करू. पान इतकं छान दिसत होतं की ते नंतर आलंच नाही.

डॉक्टरांनी पहिला कागद हात लांब करून बघितला. "लग्नपत्रिकेसारखा झालाय की!" मी त्याचा फोटो बहिणीला पाठवला. बहिणीनं तो आण्णांना दाखवला.

कागद सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. मंगळवार होता. दवाखान्यातून फोन आला, प्रिंटर रेघा मारतोय. खरं तर ते माझं काम नव्हतं, पण माझा कागद निघताना बघायला मला आवडायचं, म्हणून मी गेले. सिस्टर मोडनिंबच्या एका पेशंटला त्याचा कागद वाचून दाखवत होत्या. माणूस खुर्चीत, त्याची बायको पिशवी मांडीवर घेऊन शेजारी. मी मागं उभी राहून ऐकत होते.

"...सकाळी न्याहारी झाल्यावर एक गोळी, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, वरनं लगेच आडवं व्हायचं नाही, आणि ही गोळी चालू हाय तवर उन्हात फिरायचं नाही."

"रानात जावं लागतंय की सिस्टर," माणूस म्हणाला.

"मग संध्याकाळी जावा. रान कुटं पळून चाललंय का?"

ती दोघं हसली. मीही हसले. हसता हसता माझी नजर त्यांच्या हातातल्या कागदावर गेली. 'लगेच आडवं व्हायचं नाही,' इथं ओळ संपत होती. स्वल्पविराम होता. त्याच्या खाली चौकटीची रेघ.

"सिस्टर, उन्हाचं कुठं लिहिलंय?"

"हे काय हितं." त्यांनी बोट ठेवलं. बोट रेघेवर पडलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "मी तर लिवलं होतं. अगं, मीच लिवलेलं मला पाठ असतंय, बघून कुटं वाचते मी!"

सोलापूरचा एप्रिल, डोक्यावर पंखा गरम वारा ढकलतोय, आणि माझी बोटं गार पडली. सिस्टरनी त्या माणसाच्या कागदावर पेनानं ओळ लिहून दिली. मी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसले.

निघालेला प्रत्येक कागद आत साठवलेला होता. मी तिथंच एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक औषधाचा मजकूर पुन्हा मोजायचा, किती ओळी लागल्या असत्या ते बघायचं आणि दोनपेक्षा जास्त लागलेले बाजूला काढायचे. साधा प्रोग्राम, पण माझ्या हातून तीनदा चुकला. मागं कुणाचं तरी बाळ रडत होतं, कुणी तरी रक्ताच्या रिपोर्टसाठी भांडत होतं. शेवटी यादी आली. सतरा कागद.

मी प्रत्येकाची गळालेली ओळ वाचत गेले. 'तिखट आणि लोणचं टाळायचं.' 'पंधरा दिवस जड उचलायचं नाही.' 'खाज सुटली तर घाबरू नका.' एकेक वाचून मी श्वास सोडत होते. बाराव्या कागदावर थांबले. तो एका म्हातारीचा होता.

छापलेलं असं होतं: 'सांध्यांच्या सुजेसाठी. रात्री जेवण झाल्यावर एक गोळी, पाण्याबरोबर, न चावता गिळायची,'

आणि न छापलेलं: 'पण आठवड्यातून एकदाच, फक्त सोमवारी. रोज घ्यायची नाही.'

मी सिस्टरना बोलावलं. त्यांनी वाचलं आणि खुर्चीची पाठ धरली.

"ही कधी गेली घरी?"

"गुरुवारी."

गुरुवारी सिस्टर रजेवर होत्या, भाचीच्या लग्नाला. कागद नवीन मुलीनं हातात दिला होता. तिला मजकूर पाठ नव्हता. तिच्या दृष्टीनं कागदावर होतं ते सगळं.

"रोज घेतली तर काय होतं, सिस्टर?"

"तोंड येतंय, आतडं सोलून निघतंय." त्यांनी चष्मा काढला. "रक्त तयार व्हायचं थांबतंय, पोरी."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. मी बोटांवर मोजलं. पाच.

कागदावर फोन नंबर मुलाचा होता. तो ट्रकवर ड्रायव्हर. फोन कक्षेच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. त्यांच्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरांनी ऐकलं मात्र, म्हणाले, "घेऊन या. आत्ताच्या आत्ता. आणि तोवर गोळी बंद म्हणावं."

गाव वळसंग. माझी स्कूटी खाली होती.

त्या जिन्यावरून उतरताना माझ्या मनात काय आलं, ते लिहिते. लपवायचं कशाला? मनात आलं की हे कशामुळं झालं ते फक्त मला आणि सिस्टरना माहीत आहे. आजारी म्हातारी, तिनं चुकून रोज घेतली असं म्हणाले तर कोण विचारणार आहे? कोडमधली ती एक ओळ मी दोन मिनिटांत पुसू शकत होते. घरी माझ्या पगाराकडं डोळे होते, बहिणीचं कॉलेज होतं. चौदा पायऱ्या होत्या. खाली पोचेपर्यंत मी तो विचार करत होते. खाली सिस्टर पदर खोचून स्कूटीपाशी उभ्या होत्या.

"चल. आणि हळू चालव. आपण वाटेत पडलो तर तिला कोण सांगणार?"

रस्ता पाऊण तासाचा. मागून सिस्टर मध्येच फोन लावून बघायच्या आणि "न्हाय लागत" एवढंच म्हणायच्या. हॉटेलं गेली, वीटभट्ट्या गेल्या, तुरी काढलेली मोकळी रानं गेली. मी एकदा म्हणाले, "माझी नोकरी जाईल, सिस्टर."

"जाईना का. आधी म्हातारी बघू. ती न्हाय राहिली तर नोकरी राहून काय करतीस?"

डोळ्यासमोर एकच दिसत होतं, दारासमोर माणसं जमलेली असतील. गावात शिरल्यावर प्रत्येक वळणावर मी आधी तेच बघत होते, कुठं माणसं जमलीत का.

नव्हती. पाण्याच्या टाकीमागं घर सापडलं. दारात एक बाई ज्वारी पाखडत होती. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. म्हातारीची सून.

"या की. दवाखान्यातनं आलाव व्हय? बसा, पाणी आणते."

"सासूबाई कुठायत?" सिस्टरनी विचारलं.

"आत हायत. दोन दिवस झालं, जेवण जाईना. ताकावर हायत. ऊन लागलं असंल म्हणलं."

आत म्हातारी बाजेवर पडली होती. बारकी, कपाळावर विभूतीच्या रेघा. ओठांच्या कडा फुटलेल्या. सिस्टर कानडीत बोलायला लागल्या आणि तिला तोंड उघडायला लावलं. मी लांबूनच बघितलं. जीभ लाल, गालाच्या आत पांढरे चट्टे.

"बाय उरीतद," म्हातारी म्हणाली.

"तोंड जळजळतंय म्हणतात," सून मला म्हणाली.

"वहिनी, ती सांध्याची गोळी कशी देताय?"

तिला वाटलं, आम्ही तपासायला आलोय. देवाच्या फोटोमागून तिनं कागद काढला. माझा कागद. प्लास्टिकच्या पिशवीत, घडीला घडी लावलेला. तिनं तो उलगडला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचला. एकेक अक्षर बरोबर वाचलं.

"हे बघा की. रात्री जेवण झाल्यावर एक गोळी, पाण्याबरोबर, न चावता गिळायची. एक दिवस चुकवला न्हाय मी. त्या नको म्हणायच्या, मी म्हणायची, कागदावर हाय."

गोळ्यांची पट्टी तिनं पुढं केली. पाच खळगे फुटलेले.

मी तोपर्यंत उभी होते, खाली बसले. "वहिनी, तुमचं काही चुकलं नाही. कागद चुकलाय. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती ओळ छापलीच गेली नाही. कागद मी बनवलाय."

"तुमी?" तिनं कागद उलटा करून मागची बाजू बघितली. "कागद तर दवाखान्याचा हाय."

"दवाखान्याचाच. पण तो कॉम्प्युटरमधून कसा निघायचा ते मी लिहिलंय. माझ्यामुळं ती ओळ गेली."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पट्टीकडं. "मंजी रोज रात्री मी ह्यांच्या हातावर काय ठेवत होते?"

माझे डोळे वाहायला लागले. म्हातारीनं मान वळवली, "यारव्वा इकी?" असं विचारलं. ही कोण? सिस्टरनी तिला काय सांगितलं ते मला कळलं नाही. म्हातारी काही तरी पुटपुटली. सिस्टरना हसू आवरेना.

"काय म्हणाल्या?"

"म्हणतायत, मरायचं मला हाय, ही का रडतीया? तिला म्हणावं, आधी गाडी बघ."

शेजारच्यांच्या जीपमधून आम्ही तिला आणलं. सून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. माझी स्कूटी त्यांच्या दारातच राहिली.

डॉक्टर ऑपरेशन संपवून बाहेर आले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून पहिल्यापासून सांगायला लागले. एक पान, दोन ओळींची चौकट, ती सूचना. त्यांनी हात वर केला. "आत्ता नको. आधी रक्त बघू दे." रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या. गोळीचा उतारा म्हणून दुसरं औषध सुरू केलं. "पाच गोळ्यांवर थांबलं ते बरं झालं," एवढं ते म्हणाले. "पण अजून उतरतील. चार-पाच दिवस काही सांगता येत नाही."

सरांना मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "सगळी छपाई बंद कर. आणि बाकी सोळा जणांना आजच फोन लाव. सगळ्यांना." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. सिस्टरनी आणि मी मिळून सोळाही जणांना त्यांची त्यांची ओळ वाचून दाखवली. एका आजोबांनी विचारलं, "लोणचं खायचं न्हाय हे आता सांगताव? बरणी संपली की."

तिसऱ्या दिवशी पेशी आणखी उतरल्या. चौथ्या दिवशी ताप चढला. म्हातारीला वेगळ्या खोलीत ठेवलं. बाहेरच्या बाकावर मी रोज जाऊन बसायचे. ऑफिसच्या आधी, मधल्या सुट्टीत, ऑफिस सुटल्यावर. माझा काही उपयोग नव्हता, पण लांब राहणं जमत नव्हतं. खोलीचं दार उघडलं की मी येणाऱ्याचा चेहरा वाचायचे. ताटली परत आली की तीत किती उरलंय ते बघायचे. सून समोरच्या बाकावर. ट्रकवरचा मुलगा परत आला होता. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि निघून गेला. मला त्याची फार भीती वाटली. मारेल म्हणून नाही. विचारेल म्हणून.

ऑफिसात मी तो कोड उघडला. सगळं मोडून नव्यानं लिहिलं. आधी मजकूर मोजायचा, मगच चौकट आखायची. मजकूर वाढला तर चौकट वाढेल, पान संपलं तर दुसरं पान येईल आणि दोन्ही पानांवर नाव आणि 'एकूण पानं दोन' असं ठळक येईल. शेवटी आणखी एक गोष्ट घातली. सिस्टरनी लिहिलेला मजकूर आणि पीडीएफमध्ये प्रत्यक्ष उतरलेला मजकूर कोड स्वतः शेजारी शेजारी ठेवून बघेल. एक शब्द कमी भरला तर कागद निघणारच नाही. पडद्यावर लाल अक्षरात कुठला शब्द राहिला ते येईल. आम्ही चौघांनी मिळून त्यात मुद्दाम वेडेवाकडे, लांबलचक मजकूर घातले. सिस्टरना विचारलं, "महत्त्वाचं आधी लिहाल का?"

"मी न्हाय बदलणार. माणसाच्या ध्यानात शेवटचंच राहतंय. तुझी चौकट बदल."

सहाव्या दिवशी ताप उतरला. सातव्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट घेऊन धाकटे डॉक्टर बाहेर आले आणि सुनेला म्हणाले, "वर चढायला लागल्यात." तिनं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं ती पहिल्यांदा माझ्या बाकावर येऊन बसली. हातात औषधांचा नवा कागद होता, हातानं लिहिलेला.

"वाचा."

मी वाचायला लागले.

"सावकाश. सगळं वाचा. मागच्या बाजूचं पण."

मागची बाजू कोरी होती. तरी तिनं माझ्याकडून "मागं काही नाही" असं म्हणवून घेतलं.

डॉक्टरांनी आमचं काम काढून घेतलं नाही. एक महिना मात्र दोन्ही चालू ठेवलं, हातानं लिहिलेलं आणि छापलेलं. रोज संध्याकाळी दोन्ही गठ्ठे सिस्टर आणि मी ओळीन् ओळ ताडून बघायचो. त्या महिन्यात लाल अक्षरं सहा वेळा आली. सहाही वेळा कागद अडला, मी दुरुस्ती केली आणि मगच तो बाहेर पडला.

म्हातारी तेराव्या दिवशी आपल्या पायांनी जिना उतरून घरी गेली. माझी नोकरी टिकली. आज तो कागद सोलापुरातल्या आणखी चार दवाखान्यांत चालतो, आणि त्या एप्रिलनंतर माझ्या कोडमधून निघालेल्या एकाही कागदावरून एकही ओळ गळालेली नाही.